देणाऱ्याला दंड

४ जानेवारी

अहो,

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकलंत तर रागवणार नाही. मला काम लागलंय! आपल्या आरोग्य केंद्रात. डॉक्टरीणबाईंनी स्वतः घरी येऊन विचारलं. आईंनी त्यांना दारातच सांगितलं, "घेऊन जा, घरात बसून नुसती माझ्या चुका काढते." म्हणजे परवानगीच झाली.

काम सोपं आहे आणि अवघड आहे. कागदाची चळत घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं, तुमच्याकडे कुणी हुक्का ओढतं का, किती वर्षांचं, कुठे बसून. तुम्ही गेलात तेव्हा गावात एकही असलं दुकान नव्हतं. आता कॉलेजच्या रस्त्यावर तीन आहेत, गादीची खुर्ची आणि रंगीत दिवे लावून. लोक मला हसून सांगतात, "ताई, त्यात पाणी असतं, सगळी घाण पाण्यात धुऊन निघते." मीही तेच समजत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्याने धूर गार होतो, धुतला जात नाही. गार असल्यामुळे माणूस उलट जास्त वेळ ओढतो.

चिंगीचा पुढचा दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवलाय, बाबांना दाखवायचा म्हणून. तुमचं पत्र आलं की आधी ती वास घेते. म्हणते, "बाबांच्या पत्राला सफरचंदाच्या गोळ्यांचा वास येतो." तुमच्या हॉटेलात गोडधोड फार बनवतात वाटतं.

डोकं दुखतं म्हणून लिहिलं होतंत. चष्मा लागला असेल, डोळे तपासून घ्या, टाळू नका. रविवारी फोनवर मी हे बोलले नाही, कारण फोनवर आई असतात, चिंगी असते, आणि तुमच्या मागे खोलीतले सात जण असतात. मनातलं बोलायला आपल्याला हा कागदच बरा.

तिसरं वर्ष लागलं. तुमची खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, रिकामी बघवत नाही म्हणून. काल परत फिरवली. भिंतीकडे तोंड केलेली तर मुळीच बघवत नाही.

तुमचीच


१९ जानेवारी

मास्तरीणबाई,

अभिनंदन! खोलीत सगळ्यांना सांगितलं की माझी बायको सरकारी कामाला लागली. लंबू म्हणाला, "आता तुला पत्रातून नोटीस येईल." हा लंबू म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचा. त्याचे पाय खाटेबाहेर हातभर येतात, येणारा-जाणारा त्यांना अडखळतो.

इथे सगळं ठीक. भटारखान्यात तेच कांदे, तेच टोप, तेच चटके. गोडाचं म्हणशील तर हो, असतं बरंचसं. डोकं चुलीपाशी उभं राहून दुखतं, चष्म्याचं काही नाही. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही.

मला एक सांग. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात ते पाण्याचं खरं आहे? आणि जो ओढत नाही, नुसता त्या खोलीत असतो, त्याला काही होतं का? समजा एखादा माणूस निखारे पेटवतो, चिमट्याने चिलमीवर ठेवतो, तेवढंच. त्यात तंबाखू नसेल, नुसता फळांचा मसाला असेल, तर चालतं ना? आमच्या शेजारी असा एक हॉल आहे, तिथल्या पोरांना सांगेन म्हणतो.

चिंगीच्या दाताबद्दल वाचलं. मी निघालो तेव्हा तिला 'र' म्हणता येत नव्हता. आता फोनवर ती सगळं स्पष्ट बोलते आणि मला ते ऐकून आनंद कमी आणि धस्स जास्त होतं. तिचा 'र' कधी आला ते मला माहीत नाही.

खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेव. तिला तरी रस्ता दिसू दे.

तुझाच


६ फेब्रुवारी

अहो,

शेजारच्या पोरांची काळजी करताय, बरं वाटलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी फळ्यावर काढूनच दाखवलं.

निखाऱ्यांतून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात जातो आणि रक्ताला हवा मिळू देत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि बंद खोलीत असेल तर माणूस उभ्याउभ्या कोसळतो. तंबाखू असो नसो, कोळसा तोच, म्हणून वायूही तोच. 'नुसता फळांचा मसाला' हे फसवणं आहे. आणि ओढणारा तासाभराने उठून घरी जातो. निखारेवाला तिथेच असतो. त्या पोरांना सांगा, सोडा म्हणावं हे काम.

आता मोठी बातमी. सरकारने मसुदा काढलाय, हुक्क्याची दुकानं बंद करायची. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी एप्रिलमध्ये सुनावणी आहे आणि डॉक्टरीणबाई मला बरोबर नेणार आहेत. मसुद्यात लिहिलंय, 'हुक्का देणाऱ्यास दंड व कैद.' मी तर म्हणते, उत्तम! परवा सर्वेक्षणात एक मुलगी भेटली, पंधरा वर्षांची. म्हणाली, पहिल्यांदा ओढला तो स्ट्रॉबेरीच्या वासाने. तिच्या हातात नळी देणाऱ्या माणसाला घरी मुलगी नसेल का? असल्यांना आतच टाकलं पाहिजे. कसं झोपतात ही माणसं?

तुम्ही असतात तर दोघांनी बसून या मसुद्याची चिरफाड केली असती. तुम्ही चुका काढल्या असत्या, मी भांडले असते. हल्ली भांडायलासुद्धा कुणी नाही. आईंशी भांडण म्हणजे एकतर्फी सामना.

लवकर लिहा.

तुमचीच


३ मार्च

मास्तरीणबाई,

कामात होतो, म्हणून उशीर. सगळं ठीक.

मसुद्याचं वाचलं. बरोबरच असेल.

चिंगीला पापा.

तुझाच


११ मार्च

अहो,

तुमचं चार ओळींचं पत्र आलं. चिंगीने वास घेतला आणि म्हणाली, "आज पुदिना."

मी दुपारी कामावर गेले. कॉलेजच्या रस्त्यावरच्या तीन दुकानांची पाहणी होती. पहिल्या दुकानाचं दार ढकललं आणि पाय तिथेच थांबले. पुदिना. मागच्या खोलीत सफरचंद. काउंटरवर डबे मांडलेले, एकेका झाकणाखाली तुमचं एकेक पत्र. मी कागद हातात धरून उभी राहिले. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "काय झालं, गरगरतंय का? बाहेर चला." मी म्हटलं, हो, गरगरतंय.

शेजारी हॉल नाही ना? तुम्हीच आहात ना तो निखारे ठेवणारा माणूस?

घरी आल्यावर तुमची सगळी पत्रं काढली. 'सुट्टीच्या दिवशी दुखत नाही' असं तुम्ही लिहिलं होतंत आणि मी चष्म्यावर अडून बसले होते. आणि मग मी जे लिहिलं, की असल्यांना आतच टाकलं पाहिजे, कसे झोपतात, ते तुम्ही त्या खोलीत सात जणांमध्ये बसून वाचलंत.

मला राग आलाय. कामाचा नाही, लपवल्याचा. तीन वर्षं मी तुम्हाला टोप घासताना, कांदे चिरताना डोळ्यांसमोर आणते आहे. रोज संध्याकाळी आठवण काढत होते ती भलत्याच माणसाची. आता नव्याने कुणाची आठवण काढू, ते तरी सांगा. खरं काय ते सगळं लिहा. हात कसे आहेत? तुम्ही लिहायचात ते चटके टोपाचे नव्हते ना?

निघून या. नसलेलं काम इथे मिळून शोधू.

तुमचीच


२४ मार्च

अगं,

खरं लिहितो. आता लिहायला हलकं वाटतंय.

पोत्यांचा कारखाना बंद पडल्यावर इथे आलो तो भटारखान्याच्याच नोकरीवर. पंधरा दिवसांनी मॅनेजरने वर पाठवलं, गच्चीवर. मोठं हॉटेल आहे, गच्चीवर हुक्क्याचा हॉल. मला वाटलं तात्पुरतं असेल. तुला सांगायचं पुढच्या पत्रात, असं प्रत्येक पत्रात ठरवलं. तुझ्या बापाने आयुष्यात विडीला हात लावला नाही, आणि जावई हे करतो, हे कागदावर उतरेना.

काम असं. सरबताच्या बाटल्यांच्या फडताळामागे कोळशाची खोली आहे, तुझ्या स्वयंपाकघराच्या निम्मी. धूर पाहुण्यांकडे जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं. निखारे फुलवायचे, चिलीम भरायची, वर चंदेरी कागद ताणून भोकं पाडायची, निखारा ठेवायचा. आणि मग, हे मी तुला कधीच सांगणार नव्हतो, नळी चालू झाली की नाही ते बघायला पहिले झुरके आम्हालाच ओढावे लागतात. धूर दाट आला की तोंडचा तुकडा बदलून पाहुण्यासमोर ठेवायचं. एका पाळीत अशा तीस-पस्तीस नळ्या. मी हुक्का ओढतो का, असं कुणी विचारलं तर काय सांगू? हौशीने ओढणारा महिन्यात ओढत नसेल तेवढा मी एका दिवसात ओढतो.

फेब्रुवारीत लंबू त्या खोलीत पडला. दार बंद होतं. मी ढकललं तर त्याचे पाय आड आले. ओढून बाहेर काढला, तर मॅनेजर म्हणाला, "जिन्यात ठेव, पाहुणे बघतायत." लंबू वाचला. चौथ्या दिवशी परत कामावर. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं, वायूचं. मी ते त्याला वाचून दाखवलं, मसुद्याचा भाग सोडून.

आता मसुद्याबद्दल. तू खुशीत आहेस, पण नीट वाच. 'हुक्का देणाऱ्यास दंड व कैद.' मालकाने तीन वर्षांत एकदाही नळी हातात धरलेली नाही. देणारा मी. लंबू. आत जाणार ते आम्ही. आणि खाली बारीक अक्षरात बघ, आमच्या इथे सगळ्यांना पाठ झालंय, 'परवानाप्राप्त धूम्रपान कक्ष असलेल्या हॉटेलांस वगळून.' तुझ्या कॉलेजच्या रस्त्यावरची तीन दुकानं बंद होतील आणि त्यांचं गिऱ्हाईक आमच्या गच्चीवर येईल. बंदी आली की मी घरी येईन असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. बंदी आली की मला आणखी दहा नळ्या पेटवाव्या लागतील.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीचं विचारलं होतंस. इथे वय कुणी विचारत नाही. मी एकदा विचारलं, तर पगार कापला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि झोप लागते का म्हणशील, तर लागते, थकव्याने. तेच वाईट आहे.

हात बरे आहेत. डावा अंगठा थोडा बधिर.

तू म्हणतेस या. येऊन उंबऱ्यात उभा राहिलो आणि चिंगीने ओळखलं नाही तर?

तुझाच


८ एप्रिल

अहो,

चिंगी ओळखेल. नाही ओळखलं तर ओळख करून घ्याल, त्यात काय एवढं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मसुदा काढून बारीक अक्षरं वाचली. तुमचं बरोबर होतं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हे अन्यायाचं आहे. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण सुनावणीला हॉटेलवाल्यांचे वकील असतात, डॉक्टर असतात, मोठी माणसं असतात. निखारेवाला कधीच येत नाही. त्याला सुट्टी कोण देणार?"

मग मी कॉलेजच्या रस्त्यावर परत गेले, कागद न घेता. पहिलं दुकान एका काकूंचं आहे. नवरा गेल्यावर उघडलेलं. मी त्यांना मनातल्या मनात केव्हाच आत टाकलं होतं. त्यांनी मला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, उद्या बंद करा म्हणताय, करते. मलाही खोकला येतो, मलाही कळतं. पण परवा सकाळी शटर उघडून मी काय विकू? सहा महिने द्या. आणि मोठ्यांचं चालू ठेवून माझं बंद करू नका, एवढं बोला तिथे." मी म्हटलं, बोलते.

म्हणून आता तुम्हाला विचारते. सुनावणी २१ तारखेला आहे. तुमचं पत्र मी तिथे वाचू का? कोळशाच्या खोलीचं, पहिल्या झुरक्यांचं, लंबूचं. नाव, गाव, हॉटेल काही सांगणार नाही. सुरुवातीचं 'अगं' आणि शेवटचं 'तुझाच' माझ्यापाशीच राहील.

हो म्हणा. फोनवर हे नको, तुमच्या मागे ते सात जण ऐकतात; हे पत्र मिळताच उत्तर टाका, म्हणजे वेळेत पोचेल.

तुमचीच


१६ एप्रिल

अगं,

वाचू नकोस.

हॉल गच्चीवर, बाटल्यांमागे खोली, लंबू पडलेला, एवढ्यावरून शेंबडं पोरही ओळखेल. माझं जाऊ दे, लंबूच्या घरी पाच माणसं त्याच्या एका पगारावर आहेत. त्याला विचारलं, तो भिंतीकडे कूस करून झोपला. तू तुझ्या शब्दांत जे सांगायचं ते सांग. माझं पत्र तुझ्यासाठी होतं.

रागवू नकोस. मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, की हे सांगू का. त्याचं बरं वाटलं. पण नको.

तुझाच


२२ एप्रिल

अहो,

काल सुनावणी झाली. तुमचं उत्तर आलं नव्हतं. मी परवा संध्याकाळपर्यंत टपालवाल्याची वाट पाहिली, काल सकाळी टपाल कचेरीतही जाऊन आले. नाही म्हणाले.

आधी हॉटेलवाल्यांचे वकील बोलले. म्हणाले, आमच्याकडे स्वच्छता असते, प्रौढ माणसं येतात, गल्लीतल्या दुकानांसारखं नसतं. मग एक मोठे डॉक्टर बोलले, खूप आकडे. माणसं पेंगायला लागली. मग माझं नाव पुकारलं. मी जे पाठ करून गेले होते ते आठवेना. पिशवीत तुमचं पत्र होतं.

मी वाचलं.

अध्यक्ष बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. 'हौशीने ओढणारा महिन्यात ओढत नसेल तेवढा मी एका दिवसात ओढतो' हे वाचलं तेव्हा मागे कुणीतरी मोठ्याने "अरे" म्हणालं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "हा माणूस कोण?" मी म्हटलं, "मसुद्यातला देणारा."

मग काकूंचं सांगितलं. नियम करा, कडक करा, पण गच्चीला एक आणि गल्लीला एक असा नको. दंड मालकाला करा. ज्याला सोडायचंय त्याला सोडायला मदत करा, हिणवू नका. एवढं बोलून मी खाली बसले.

तुम्ही हो म्हणाला असतात ना?

तुमचीच


२६ एप्रिल

अहो,

आज तुमचं १६ तारखेचं पत्र आलं.

पेपरातही सगळं छापून आलंय. बातमीदाराने तुमची वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत.

मी काय करून बसले? उत्तर येईपर्यंत थांबले नाही. तुमचा फोन लागत नाही. शिव्या द्या, पण एक ओळ टाका.

तुमचीच


२० मे

अहो,

फोन बंदच येतोय. आईंना मी सांगितलंय की तुमचा फोन बिघडलाय. त्या रोज विचारतात, "अजून दुरुस्त नाही झाला?" आणि माझ्याकडे बघत राहतात. त्यांना कळलं असावं.

चिंगी टपालवाल्याला म्हणाली, "काका, आमचं पत्र तुमच्या पिशवीत खाली गेलं असेल, नीट बघा." त्याने बिचाऱ्याने ओट्यावर बसून सगळी पिशवी तिच्यासमोर उपडी केली.

मी काम सोडलेलं नाही. घरोघर जाते. प्रत्येक घरी कुणीतरी पुरुषमाणूस खुर्चीत बसलेलं असतं, पेपर वाचत, पाय हलवत, आणि त्याच्या बायकोला त्याचं काहीच वाटत नसतं.

तुमचीच


९ जून

अहो,

तुम्ही जिवंत आहात एवढंच लिहा. पुढचं सगळं मी गृहीत धरीन.


१ जुलै

अगं,

जिवंत आहे. तब्येत चांगली आहे. दोन महिने मी जाणूनबुजून लिहिलं नाही. तुझी चारही पत्रं मिळाली होती. तेही आता लपवत नाही.

२४ एप्रिलला मॅनेजर पेपर घेऊन वर आला. आम्हा सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाची बायको शिकलेली आहे?"

एकेक जण नाही म्हणत गेला. लंबूचं तर लग्नच झालेलं नाही. माझी पाळी आली. नाही म्हटलं असतं तर वाचलो असतो. पण तुझ्याबद्दल 'नाही' हा शब्द तोंडातून निघेना. म्हटलं, "माझी."

दुपारपर्यंत मी रस्त्यावर होतो. फोन हॉटेलचा होता, तो काढून घेतला. बाजारात पोती उतरवायचं काम धरलं आणि लंबूच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायला लागलो. तुझ्यावर राग होता. राग म्हणजे असा, की तुझं पत्र आलं की आधी वाचायचं, मग उशीखाली ठेवायचं आणि मग उत्तर द्यायचं नाही. ज्या कागदावर मी फक्त तुझ्याशी बोलत होतो त्यावर सगळं गाव वाकून बघत होतं, असं वाटायचं. लिहायला बसलो की प्रत्येक वाक्याला वाटे, हे पेपरात कसं दिसेल?

जूनच्या सुरुवातीला शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याचा निरोप आला. त्याने पेपरातलं वाचलं होतं, आणि या शहरात गच्चीवर हुक्क्याचे हॉल चारच आहेत; एकेक विचारत तो आमच्यापर्यंत पोचला. म्हणाला, खोली दाखवायला याल का? मी लंबूकडे बघितलं. तो म्हणाला, "चल. पुन्हा पडलो तर या वेळी जिन्यात तरी ठेवणार नाहीत."

अधिकाऱ्याकडे हवा मोजायचं यंत्र होतं, हातात मावेल एवढं. बाहेर हॉलमध्ये ते थोडं कुरकुरलं. कोळशाच्या खोलीत दार लावल्यावर असं किंचाळायला लागलं की अधिकारी स्वतःच दार उघडून बाहेर आला. कपाळ पुसत म्हणाला, "तुम्ही इथे किती तास असायचात?" लंबूने सांगितलं. त्याने तो आकडा वहीत लिहून घेतला.

नवा नियम परवा निघाला. तुझ्याकडे आला असेलच, तरी मला लिहू दे. गच्ची असो की गल्ली, नियम एकच. दंड मालकाला, नोकराला नाही. फळांचे वास बंद. इशारा डब्यावर नाही, नळीवरच, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. छोट्या दुकानांना धंदा बदलायला सहा महिने. नोकरांना दुसरं काम शिकवायची सोय. हॉटेलवाले कोर्टात गेलेत, त्यामुळे शेवटी काय उरेल ते देव जाणे. पण 'देणाऱ्यास' हा शब्द खोडलाय. मी तो कागद भिंतीवर लावलेला पाहिला आणि खोडलेला शब्द शोधत बसलो.

अधिकारी म्हणतो, महिनाभर पथकाबरोबर फिरा, तुम्हाला खोल्या कुठे दडवतात ते ठाऊक आहे. तेवढं करून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. डोकं दुखायचं थांबलंय. पण एक नवंच. संध्याकाळ झाली की अंग नळी मागतं. त्या वेळी मी चालत सुटतो. इतका चाललोय, इतका चाललोय, की घराच्या दिशेने चाललो असतो तर एव्हाना पोचलो असतो.

तुझाच


२८ ऑगस्ट

अहो,

या पाकिटावर पत्ता लिहायचा नाही, हे विचित्र वाटतंय. तुम्ही आतल्या खोलीत दुपारचे झोपला आहात. दार अर्धवट उघडं आहे, मला इथून तुमची पाठ दिसते.

तुम्ही येऊन सोळा दिवस झाले. सगळं छान आहे. आई खूश आहेत, सोमवारपासून तुम्ही पंपदुरुस्तीच्या दुकानात जाणार आहात, काकूंनी हुक्के माळ्यावर टाकून वह्या-पुस्तकं ठेवली आहेत. चिंगी तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आणि घरातलं सगळं पाहुण्यासारखं दाखवते. इथे साबण असतो, इथे छत्री असते. तुम्हीही मान डोलावून 'बरं बरं' म्हणता. काल तुम्ही मला विचारलंत, "मी जरा पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात. मी 'हो' म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले.

आपण एकमेकांशी किती नीट वागतोय! मीठ कमी आहे का, नाही, बरोबर आहे. पंखा वाढवू का, नको, राहू दे. संध्याकाळ झाली की तुम्ही उठून चालायला जाता. तुम्हाला ते लागतं, मला माहीत आहे, मी अडवत नाही. मी खिडकीत उभी राहते आणि तुमची वाट बघते. तीन वर्षं बघितली तश्शीच.

खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाची फार आठवण येते. जो मला लंबूच्या पायांबद्दल लिहायचा. ज्याला चिंगीचा 'र' कधी आला याचं दुःख व्हायचं. ज्याच्या तोंडून माझ्याबद्दल 'नाही' निघेना. तो या घरात आहे, चार पावलांवर घोरतोय, आणि मला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही.

कारणही मला ठाऊक आहे. तुम्ही 'वाचू नकोस' लिहिलं होतंत आणि ते पोचायची वाट न बघता मी वाचलं. त्याचं चांगलं झालं असं सगळे म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, अधिकारी म्हणतो, तुम्हीसुद्धा मान डोलावता. पण चांगलं झालं म्हणून ते माझं चुकलं नाही असं होत नाही. तुमची वस्तू होती, तुमच्या 'हो'शिवाय मी उचलली. त्याबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. तुम्ही माफ केलंय की गिळलंय, मला कळत नाही, आणि तुमच्या पाठीकडे बघून तर मुळीच कळत नाही.

उठलात की आधी हे वाचा. मग रागवायचं असेल तर मोठ्याने रागवा, आईंना ऐकू गेलं तरी चालेल. फक्त उत्तर लिहू नका.

बोला. मी स्वयंपाकघरात आहे.